साठीच्या आतले म्हातारे

प्रिय दादा,

फोन करणार होते, पण फोनवर आपण दोघं एकाच वेळी बोलतो आणि शेवटी वहिनी फोन काढून घेते. म्हणून पत्र, माणसाहाती पाठवतेय. एकट्याने वाच, आणि मध्येच “झालं हिचं सुरू” म्हणू नकोस.

आपल्या बेघरांच्या निवाऱ्यातला सुतार रुग्णालयात आहे. तुला तो आठवणार नाही. तू अध्यक्ष, येतोस तेव्हा सगळे आंघोळी करून, भांग पाडून ओळीने बसलेले असतात. उंच, जरासा वाकलेला, कमरेला पट्ट्याऐवजी सुतळी बांधणारा, तो. आपल्या कपाटांची लोंबकळणारी दारं त्यानेच सरळ केली. वय पन्नास. वरच्या पलंगावरून उतरताना शिडीवर पाय सटकला आणि खुब्याचं हाड मोडलं. शुक्रवारी त्याला सोडतील. सोडतील म्हणजे आपल्याकडेच, दुसरीकडे कुठे? आणि आपला नियम असा, की खालचा पलंग आणि दिवसा आत राहण्याची सवलत फक्त साठीच्या वरच्यांना. बाकीच्यांनी न्याहारी करून बाहेर पडायचं ते संध्याकाळी दार उघडेपर्यंत. म्हणजे मोडक्या खुब्याचा माणूस या थंडीत दिवसभर रस्त्यावर.

तू म्हणशील, पन्नास म्हणजे काय वय आहे? तू स्वतः सदुसष्टाचा, जिने चढून येतोस आणि वर पोचल्यावर आम्हालाच दम लागलाय का विचारतोस. अरे, तुझी वर्षं आणि त्याची वर्षं एका मापाची नाहीत! तुझी छपराखाली गेली. मध्यंतरी आपल्याकडे येणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी एकेकाला खुर्चीत बसवलं आणि हात छातीशी घडी घालून उठायला सांगितलं. एवढंच. मग व्हरांड्यातून चालायला लावलं, मुठीत एक यंत्र देऊन दाबायला लावलं. आपला न्हावी म्हणाला, “उठायचं कशाला बाई, मुश्किलीने बसायला मिळालंय.” सगळे हसले. मग तो उठायला गेला आणि त्याला उठताच आलं नाही. चाळिशीतला माणूस. हसू कुठल्या कुठे गेलं. त्यानेच खुर्चीची पाठ थोपटली आणि म्हणाला, “चिकटवलीय वाटतं कोणी.”

बाई म्हणाल्या, याला जर्जरपणा म्हणतात, आणि तो जन्मतारीख विचारून येत नाही. वर्षानुवर्षं उघड्यावर झोपायचं, पिशवी कोणी पळवेल म्हणून अर्धवट जागं राहायचं, अर्धपोटी चालायचं, दुखणं अंगावर काढायचं. भूक पोटात राहत नाही, दादा, मांड्यांत उतरते. शरीरात राखीव असं काही उरत नाही. मग एखादा साधा ताप, एखादी घसरलेली पायरी पुरते. तुमच्याआमच्यासारखे त्यातून आठवड्यात उठतात. ही माणसं उठत नाहीत.

सुतारालाही त्या खुर्चीतून उठता आलं नव्हतं. त्याला वर चढू देऊ नका, असं बाई म्हणाल्या. आपल्या व्यवस्थापकाने नियम दाखवला. पण खरा अडसर पुढेच होता. सुतार स्वतःच म्हणाला, “खालचे पलंग म्हाताऱ्यांचे. मी अजून लग्नाचा आहे!” सकाळी मुकादम आपल्या फाटकाशी येऊन माणसं निवडतात, आणि खाली कोण झोपतो हे त्यांना बरोबर कळतं. खाली झोपणाऱ्याला कोणी कामावर नेत नाही. म्हणून आपल्याकडे सगळे वय कमी करून सांगतात. वयावर जागा देऊन आपण त्या पलंगांवर म्हातारपणाचा शिक्का मारला, आणि ज्याला त्या जागेची गरज होती तोच तिच्यापासून पळत राहिला.

आई आठवते का रे? कारखान्यातून आली की जिन्याच्या मधल्या पायरीवर बसून राहायची. तू वरून ओरडायचास, “चल गं, म्हातारी झालीस का?” आणि ती पिशवी उगारायची. मग आपण दोघं तिला काखेत धरून उठवायचो. पंचेचाळीस वर्षांचीही नव्हती. गेली तेव्हा शेजारी म्हणाले, एवढ्याशा तापाने कशी गेली? त्या दिवशी खुर्चीतला न्हावी बघताना मला कळलं, कशी गेली ते.

काल सुताराला भेटून आले. मनगट हातात घेतलं तर माझी बोटं पुरून उरली. त्याने आधी करवतीची चौकशी केली, मग विचारलं, “शुक्रवारी कुठे?” म्हटलं, आपल्याकडे. “आणि दिवसा?” दादा, तुझ्या ज्या बहिणीने भर चौकात मंत्र्यांना गप्प केलं, ती त्याच्या पांघरुणाच्या घड्या सारख्या करत बसली.

उद्या विश्वस्तांची सभा आहे. तू नियम बदलू देणार नाहीस, हे माझ्या कानावर आलंय. “आज पन्नाशीला दिलं तर उद्या तिशीतले रांग लावतील,” असं म्हणालास म्हणे. खाली पलंग थोडे आहेत, हे तुझं खरं आहे. मग वरचे पलंग खाली उतरवू, सभागृहात टाकू, पण कोणी कुठे झोपायचं ते त्याचं शरीर बघून ठरू दे. उद्या मी तुझ्याविरुद्ध उभी राहणार आहे, सगळ्यांसमोर, वार्ताहरांसमोर. बोलायला लागले की मी कोणाला सोडत नाही, तुलाही सोडणार नाही. आईचं नाव काढेन. ते तुला पहिल्यांदा व्यासपीठावरून ऐकू येऊ नये, म्हणून हे पत्र. अजून आजचा दिवस आहे. अध्यक्ष म्हणून हा ठराव तूच मांड, श्रेयही तूच घे. भाषण तयार आहे, उत्तम झालंय, टाळ्या कुठे पडतील तेही मला ठाऊक आहे. आणि आयुष्यात पहिल्यांदा वाटतंय, की ते करायची वेळ माझ्यावर येऊ नये.

तुझीच,
घरातला भोंगा