मागच्या गल्लीतला दिवा

४ जानेवारी २०१०, सोमवार

लागला! संध्याकाळी साडेसहाला, मागच्या गल्लीत, माझ्या डोळ्यांदेखत!

चौदा महिने झगडले. याच गल्लीत काळोखात उघड्या गटारात पाय गेला आणि मनगट मोडलं. अजून कणीक मळताना कळ येते. तेव्हापासून पालिकेत अर्जांवर अर्ज. साहेब जेवायला गेलेत, साहेब साईटवर आहेत, साहेबांची बदली झाली! पण आशालता म्हणजे नुसत्या सह्या करणारी सेक्रेटरी नव्हे, हे आता सोसायटीला कळलं असेल.

दिवा असा लख्ख की भिंतीपलीकडचं मैदान, झुडपं, पार कातकऱ्यांच्या वाडीपर्यंत सगळं दिसतं. दुसऱ्या मजल्यावरच्या दमयंतीबाईंनी पेढे आणले. म्हणाल्या, "तुम्ही अगदी उजेड पाडलात हो!" मुद्दाम म्हणाल्या की काय कोण जाणे. पेढा खाल्ला.

७ जानेवारी, गुरुवार

फोडला! तीन दिवस टिकू दिला नाही! काचा अजून गटाराशी पडल्यात. कोणाच्या डोळ्यात खुपत होता तो?

९ जानेवारी, शनिवार

नवा बसवला. शिडीखाली स्वतः उभी राहिले. वायरमन म्हणाला, "मॅडम, पुढच्या वेळी परत अर्ज लागेल." पुढची वेळ कशाला येईल?

१० जानेवारी, रविवार

आली. काल रात्रीच फोडला.

वॉचमन सांगतो, खांबाखाली साळूचा अंकुश उभा होता, हातात गलोल. साळूचा! साळू अकरा वर्षं माझ्याकडे धुणीभांडी करते. अंकुशच्या लग्नात सुनेला, दिपाला, मी साडी घेतली होती. हे पांग फेडले!

तडक चौकीत गेले. लेखी तक्रार दिली, नावासकट. उजेड सोसत नाही त्यांचे धंदे काय असणार? दारू नाहीतर चोरी. आपण यांच्यासाठीही मरमर मरायचं आणि यांनी दगड मारायचे!

१२ जानेवारी, मंगळवार

साळू दोन दिवस आली नाही. भांडी मीच घासली, मनगट ठणकतंय. अंकुशला सकाळपासून संध्याकाळपर्यंत चौकीत बसवून ठेवतात म्हणे. बांधकामावर त्याच्या जागी दुसरा घेतला. हवालदार म्हणाला, "साहेब सोमवारी रजेवरून येतील, मग गुन्हा नोंदवू."

बरं झालं म्हटलं. अद्दल घडू दे.

१३ जानेवारी, बुधवार

साळू आली. भांड्यांना हात लावला नाही. दारातच उभी.

मी सुरूच केलं. दिवा तुमच्याही बायकापोरींसाठीच होता ना गं? तुम्हाला काळोखातच राहायचंय का?

म्हणाली, "व्हय बाई. काळोखच पायजे."

मला वाटलं, उर्मटपणा करतेय. मग म्हणाली, "तुमचा उजेड पडतो तिथं आमी बायका बसतो. वाडीत संडास नाय. पहाटं जायाचं नायतर दिवस बुडल्यावर. दिवा लागला की सगळं दिसतंय. तुमच्या गच्चीवरनं पोरं बगतात."

म्हटलं, मग दिवा असताना कुठं जाता?

"हायवेच्या पल्याड. नायतर जातच नाय. दिसभर पानी पीत नाय. दिपाला सातवा हाय. शनवारी टरक जवळनं गेला, पडली ती."

माझ्या घरचा संडास ही बाई अकरा वर्षं घासतेय. तिनं तो कधी वापरला नाही. वापर म्हणून मी कधी म्हटलं नाही. ती कुठं जात असेल असा प्रश्नसुद्धा मनात आला नाही! चौदा महिने अर्ज लिहिले, खिडकीतून रोज त्या मैदानाकडे बघत होते, तरी नाही आला. लाज वाटली. अशी लाज फार वर्षांत वाटली नव्हती.

म्हटलं, माझा वापरा.

म्हणाली, "चाळीस बायका हायेत बाई वाडीत." आणि गेली.

चौकीत फोन केला. तक्रार मागे घेते म्हटलं. हवालदार वैतागला. "सरकारी दिवा आहे, मॅडम. दोनदा फुटलाय. आता कागदावर कोणाचं तरी नाव लागणारच."

१४ जानेवारी, गुरुवार

संक्रांत. वाडीत संडास होईपर्यंत नवा दिवा लावू नका म्हणून सांगायला पालिकेच्या ऑफिसात गेले. तिथला क्लार्क तिळगूळ खात हसला. "अंधार मागायला आलेल्या तुम्ही पहिल्याच! सोसायटीच्या सह्या आणा."

हसतोय मेला. वाडीला संडास का नाही ते विचारलं, तर ते टेबल दुसरं!

१५ जानेवारी, शुक्रवार

सूर्यग्रहण. सह्यांचा कागद घेऊन दारोदार हिंडले.

दमयंतीबाईंची सून निशा पोटुशी आहे. अकरापासून तिला आतल्या खोलीत बसवलेली. पडदे ओढून, वर सतरंज्या टांगून, फटीत वर्तमानपत्राचे बोळे. एक तिरीप म्हणून आत जाता कामा नये! बाई कुजबुजत बोलत होत्या. "दिवा नको? आशाताई, तुम्हीच ना हट्ट धरलात? आणि त्या लोकांना कसली आलीय लाज! उघड्यावर बसणारे ते."

म्हटलं, वाडीतल्या दिपाला सातवा आहे. तिला तुमच्या निशासारखाच जरा काळोख हवाय.

"काहीतरीच तुमचं! ग्रहणाची गोष्ट वेगळी."

कशी वेगळी? एकीला काळोखात जपायचं, आणि दुसरीनं पाच मिनिटांचा काळोख मागितला की ती निर्लज्ज! लहानपणापासून दिवेलागणीला हात जोडत आले. उजेड तेवढा चांगला आणि काळोख वाईट, असंच शिकले. दार लावायची सोय असलेल्यांनीच हे ठरवलं असणार.

जिन्यातून उतरताना इतकी चिडले होते की पायरी चुकली.

सह्या : एक. माझी.

१६ जानेवारी, शनिवार

आज पहिल्यांदा वाडीत गेले. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीपासून चालत चार मिनिटं!

दिपा दारात बसली होती, गुडघा अजून सोललेला. मी म्हटलं, अंकुशनं तुमच्यासाठी केलं, ते कळलंय मला.

"त्यानं नाय केला, बाई. दोन्ही येळा मीच मारला. त्याला न्हेम येतोय कुटं? तो मला घरी न्ह्यायला आलेला, गलोल वडून घेतली माज्या हातातनं. तेवड्यात वाचमन आला."

अंकुश चौकीत तोंड उघडत नाही. बायकोचं नाव घ्यायचं कसं?

दिपा म्हणाली, "सोमवारी मीच जाते. सांगते, मी फोडला. त्याला सोडा म्हनते." साळू तोंडात पदर धरून बसलेली. मी तिथंच मातीत बसले. त्यांनी चहा दिला. माझ्या तक्रारीपायी सातव्या महिन्याची पोर चौकीत जाऊन उभी राहणार, आणि मी त्यांचा चहा पितेय!

१७ जानेवारी, रविवार

झोप नाही. काही खाल्लं नाही. दिपाला निरोप धाडला, घरीच थांब.

१८ जानेवारी, सोमवार

चौकी उघडायच्या आधीच जाऊन बसले. साहेबांना सांगितलं, अंकुशचं नाव मी खोटं दिलं. त्यांनी विचारलं, "मग फोडला कोणी?"

म्हटलं, लिहा. आशालता, सेक्रेटरी.