छावणीतला मेकॅनिक

चि. भाच्यास, मामाचा आशीर्वाद.

निर्वासितांच्या छावणीतला जो मेकॅनिक पारखायला तू माझ्या गॅरेजात धाडलास, त्याच्या बोटावर काल हातोडी बसली. तोंडातून एक शिवी नाही! माझे कान टवकारले. मेकॅनिक असा असतो होय? चहा पाजून खोदून विचारलं.

"उस्ताद, मी शाळामास्तर. आमच्याकडे मास्तरांना वेचून मारलं, म्हणून सीमेवर मेकॅनिक सांगितलं. खोटं उघडं पडलं तर परत पाठवतील."

तू पडलास छावणीचा साहेब. कळलं तर तुला वर लिहून कळवावं लागेल. म्हणून हे पत्र खणातच ठेवतो. महिनाअखेर तू विचारशील, "मामा, हा खरंच मेकॅनिक आहे का?" तेव्हा मला खोटं बोलावं लागू नये, म्हणून रोज सकाळी त्याला इंजिन शिकवतोय.

तुझा मामा