बॉन्ड सुटला, दादा

दादा, आज मी पैसे भरून नोकरी सोडली. हो, बरोबर ऐकलंत. लोक नोकरी सोडताना पैसे घेतात, तुमची लेक चेक देऊन आली आणि वर पेढे वाटून आली. तुम्ही असता तर चष्मा कपाळावर चढवून म्हणाला असतात, "डोकं ठिकाणावर आहे ना गं?" म्हणून नीट सांगते. अंबरनाथच्या ज्या कंपनीत मी यंत्रांचे पार्ट तपासायचे, तिने मला मोजमापाचं नवं मशीन शिकायला अडीच महिने बंगळुरूला पाठवलं होतं. राहणं, खाणं, फी, सगळा खर्च कंपनीचा. बदल्यात बॉन्ड: दोन वर्षं सोडायचं नाही, सोडलं तर खर्च परत. सोळा महिने झाले आणि बदलापुरात, आपल्या घरापासून चालत बारा मिनिटांवर, एका कंपनीने मला अख्ख्या तपासणी विभागाची प्रमुख व्हाल का म्हणून विचारलं. मी चहा संपायच्या आत हो म्हटलं.

एचआरमधली पोरगी गोड आहे, पण कॉम्प्युटरवर तिचा फार विश्वास. "मॅडम, सिस्टीम फुल अमाउंट दाखवतेय." मी म्हटलं, "सिस्टीमला म्हणावं, चौथं पान वाच." तिथे स्वच्छ लिहिलं होतं, जेवढे महिने उरले तेवढ्याचाच खर्च. तिने वाचलं, साहेबांना फोन केला, पुन्हा वाचलं आणि म्हणाली, "हे आजपर्यंत कुणी वाचलंच नव्हतं हो!" मी कुठलाही कागद दोनदा वाचते, दादा. का, ते आज तुम्हाला सांगायचंय, आणि नेमकं तिथेच माझं घोडं अडतंय.

तुमचाही एक बॉन्ड होता. मी नववीत आहे. ओट्यापाशी आई भाकऱ्या थापतेय. तुम्ही पहिल्या पाळीवरून सुटून आलाय, हात धुऊनही ऑईलचा वास येतोय. कंपनीने तुम्हाला नवं लेथ मशीन शिकायला पाठवलं तेव्हा सही केलेला इंग्रजी कागद तुम्ही प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून माझ्यापुढे ठेवता. वापीच्या एका कारखान्याने बोलावलंय, पगार जास्त, शिवाय क्वार्टर. आई म्हणते, "मी नाही बाई तिकडे गुजराती बोलणार," पण तिचा चेहरा खुललाय, क्वार्टरमध्ये घरातच नळ असतो म्हणे. "वाच गं," तुम्ही म्हणता, "किती वर्षं बांधलंय बघ." घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी. मी वाचलं. तीन वर्षं, आणि ती गेल्याच मार्चला संपली होती. पण आठ दिवसांपूर्वीच मला शाळेच्या कबड्डी संघाची कॅप्टन केलं होतं. मी मान वर न करता म्हटलं, "सात वर्षं लिहिलंय, दादा. अजून चार राहिली." तुम्ही माझ्याकडे जरा वेळ बघितलंत. "बरं. मग राहिलं," म्हणालात आणि आणखी एक भाकरी मागितलीत. आईने पुढची भाकरी जरा जोरात थापली.

त्या रविवारी तुम्ही उल्हासनगरला, कॅम्प एकच्या बाजारात जाऊन माझ्यासाठी गुडघ्याचे पट्टे आणलेत. दुकानदाराशी कशी घासाघीस केली त्याची नक्कल करून दाखवलीत आणि म्हणालात, "कॅप्टनचे गुडघे फुटता कामा नयेत." पट्टे घातले की मला ते खोटं आठवायचं. दहावी झाली की सांगू, नोकरी लागली की सांगू, पहिला पगार हातात ठेवताना तर नक्की सांगू. नाहीच जमलं. तुम्ही त्याच मशीनवरून रिटायर झालात, आणि मग गेलातच.

परवा एचआरने माझ्या बॉन्डची मूळ प्रत मागितली. ती आईने जपलेल्या तुमच्या त्याच प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेली, आणि तिच्याखाली तुमची. तुमचा कागद सहज उलटा केला तर मागे शिसपेन्सिलीने हिशेब. इंग्रजी येत नसलं तरी आकडे येत होते की तुम्हाला, मीच मूर्ख! सहीची तारीख, तिच्यात मिळवलेले तीन, आणि शेजारी पार्ट पास झाला की करायचात तशी बरोबरची खूण. त्याखाली तुमचं गोल अक्षर: "मार्चला सुटलो. वापीचं पोरीला विचारू."

विचारू! म्हणजे तुम्ही कागद वाचायला दिलाच नव्हता, तुम्ही मला विचारत होतात. आणि माझं 'नाही' तुम्हाला बरोब्बर ऐकू आलं होतं. मी तिथेच फरशीवर बसून रडले, मग तुमचा रागही आला. अहो, सरळ विचारायचं होतं ना! आईच्या नळाचं वाईट वाटतं ते वाटतंच. पण इतकी वर्षं छातीवर घेऊन फिरले ते ओझं त्या पाच शब्दांनी उतरवलं. आज चेकवर सही केली आणि बाहेर येऊन गेटच्या वॉचमनकाकांना मोठ्याने म्हटलं, "काका, मी सुटले!" ते म्हणाले, "अजून जेवणाची सुट्टी पण झाली नाही, मॅडम."

हे पत्र त्याच पिशवीत तुमच्या बॉन्डखाली ठेवतेय, कारण पत्ता तरी कुठला घालू? आणि एक राहिलंच. ज्या कबड्डीसाठी वापी गेलं, ती आम्ही तुम्हाला सांगितलं तसं सेमीफायनलला नाही, पहिल्याच फेरीत हरलो. तुम्ही जिलबी घेऊन दारात उभे होतात, म्हणून खरं बोलले नाही.