पडद्यामागचा सोळा नंबर

मी, डॉ. विलास माणिकराव ओव्हाळ, वय एकाहत्तर, एम.एस्सी., पीएच.डी. (भौतिकशास्त्र, विशेष विषय प्रकाशशास्त्र), सेवानिवृत्त प्राध्यापक, राहणार बीड, हे मृत्युपत्र माझ्याच हाताने लिहीत आहे. माझी फुफ्फुसे निकामी होत आहेत, बुद्धी नाही. दोन्हींबाबतची वैद्यकीय प्रमाणपत्रे सोबत जोडली आहेत. वकिलांनी पाठवलेला मसुदा मी परत केला, कारण त्यात एकच वाक्य तीन ठिकाणी आले होते आणि एकाही ठिकाणी ते पूर्ण झाले नव्हते. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणू शकतील अशी माणसे माझ्या आधी गेली.

मिळकतीची व्यवस्था लावण्यापूर्वी वस्तुस्थिती क्रमाने नोंदवतो. या पत्रातील एक वाटा तिच्यावर अवलंबून आहे.

पहिली गोष्ट. माझा जन्म गेवराई तालुक्यात, चकलांब्याच्या पुढच्या एका गावात झाला. त्या गावाचे नाव या पत्रात येणार नाही. माझ्याकडून त्या गावाला मिळणारा वाटा एवढाच. माझे वडील माणिकराव १९५६ साली बौद्ध झाले. गावाने त्याची दखल घेतली नाही.

दुसरी गोष्ट. दरवर्षी जत्रेत धुळाजी नावाच्या गृहस्थाचा फिरता तंबू सिनेमा येई. तंबूच्या मधोमध कापडी पडदा असे. गाव पुढे बसे आणि आमची वस्ती पडद्याच्या मागे. तशी पाटी कोठेही लावलेली नव्हती. गरज नव्हती. मागून चित्र दिसते, पण ते डावे-उजवे उलटते. शिवाय यंत्राचा दिवा कापडातून थेट डोळ्यांत येतो, त्यामुळे चित्राच्या मधोमध एक पांढरा डाग राहतो. आम्ही हिंदी सिनेमातला तो गुप्तहेर, ज्याला सारा मराठवाडा 'सोळा नंबर' म्हणतो, असाच पाहिला: छातीवर उजेडाचा डाग घेऊन, डाव्या हाताने पिस्तूल काढणारा. नामावलीतली उलटी अक्षरे मी सुलट्यांइतक्याच वेगाने वाचायला शिकलो. अक्षरे उलटी आहेत हे मला कळत होते. माणूसही उलटा असेल, हे मनात आले नाही.

तिसरी गोष्ट. १९६६च्या जत्रेत, पहिल्या खेळाला, गावचे पाटील तानाजीराव औटे यांचा मुलगा सुंदर पडद्याच्या कापडाखालून सरपटत आमच्या बाजूला आला. तो माझ्याच वयाचा होता. नदीवर आम्ही एकत्र पोहत असू, कारण नदीला पडदा नव्हता. माझी आई दगडाबाई हिने पोते अंथरले होते. ती घाबरली.

"धाकले मालक, तुमी हितं कावून आले? आबासायबाला कळलं तर?"

"कळू दे की. विल्या, सरक बे जरा."

तो तिच्या पोत्यावर बसला. तिने भाजून आणलेल्या शेंगा त्याने तिच्या ओंजळीतून खाल्ल्या. सोळा नंबरने पिस्तूल काढले तेव्हा सुंदर उठून उभा राहिला आणि ओरडला, "आगं आय्यो! आमच्या बाजूच्यापेक्षा हितला सोळा नंबर लई भारी हाय की!"

माझी आई हसली. तिने त्याला खाली बसवले. त्या वाक्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

चौथी गोष्ट. कोणीतरी पाहिले होते. दुसऱ्या दिवशी चावडीपुढे तानाजीरावांनी मुलाला विचारले, "तुला तिकडं कोणी नेलं?" सुंदरने माझ्या आईकडे बोट केले. "दगडाबाईनं बलिवलं."

"न्हाई मालक," आई म्हणाली, "लेकरू सवताहून आलतं."

"म्हंजी माझं पोरगं खोटं बोलतंय व्हय?"

या प्रश्नाला त्या गावात उत्तर नव्हते. त्यानंतर कोणीही आमच्या घरातल्या कोणाला कामावर बोलावले नाही. किराणा दुकानाने उधारी बंद केली. आम्ही बीडला आलो. वडिलांनी मोंढ्यात हमाली धरली. तिसऱ्या वर्षी पाठीवर पोते असतानाच ते खाली बसले आणि पुन्हा उठले नाहीत.

पाचवी गोष्ट. १९७३ साली सुंदर औटे आणि मी एकाच महाविद्यालयात, एकाच वसतिगृहात होतो. आम्ही जत्रेत पाहिलेला नट जगजीत सभरवाल निवृत्त होऊन सोळा नंबरची भूमिका नौशाद मिर्झाकडे गेली होती. नवा चित्रपट मी बीडच्या चित्रपटगृहात, आयुष्यात प्रथमच पडद्याच्या पुढे बसून, पाहिला. खानावळीत दोन्ही बाजूंनी भांडण पेटले होते.

"मिर्झा लई भारी हाय बे. काय चालतो गडी!"

"चालतो? त्यो तर वरातीत चालल्यावानी चालतो."

मी म्हणालो, मिर्झाला भूमिकाच समजलेली नाही; सोळा नंबर डावखुरा आहे आणि शत्रूचे लक्ष त्याच्या उजव्या हाताकडे राहते, हेच त्याचे मर्म आहे; सभरवालने ते एकदाही सोडले नाही. मग सुंदरने थाळीवर हात आपटला.

"आरं, ह्यो पडद्यामागनं बघायचा! ह्यांच्या वस्तीत सोळा नंबर डावखुराच हाय!"

पदवी मिळेपर्यंत मला त्या इमारतीत 'डावा' म्हणत. प्रकाशशास्त्र हा विषय मी त्याच आठवड्यात निवडला.

सहावी गोष्ट. निवृत्तीनंतर सुंदररावांनी 'सोळा नंबर रसिक मंडळ, बीड' काढले आणि मला उपाध्यक्ष केले. मी का गेलो, असे माझी पत्नी माया शेवटपर्यंत विचारत राहिली. पिस्तूल काढण्यापूर्वी सभरवाल जो अर्धा श्वास रोखतो, तो ओळखणारी या जिल्ह्यात दोनच माणसे आहेत, आणि दुसरे सुंदरराव आहेत. याहून चांगले कारण माझ्याकडे नाही.

सातवी आणि अखेरची गोष्ट. गेल्या महिन्यातील सभेचा विषय 'सर्वश्रेष्ठ सोळा नंबर कोण?' हा होता. मी सभरवालचे नाव घेताच अध्यक्ष सुंदरराव माईकवर म्हणाले, "सरांचा सोळा नंबर डावखुरा हाय बरं का! सरांनी पिच्चर मागल्या बाजूनं बघितलेत." तरुण सभासद हसले. त्यांना त्यात काय आहे ते माहीत नव्हते, त्यामुळे त्यांच्यावर माझा राग नाही. मी उभा राहून विचारले, "अध्यक्षमहाराज, आपण कधी मागे बसला होता का?"

"मी? आवो सर, औट्याच्या घरातला माणूस मागं कावून बसंल?"

मग पोहे आले.

वस्तुस्थिती येथे संपली. आता व्यवस्था.

कलम १. बीड येथील राहते घर, त्यातील सर्व सामान, बँकेतील ठेवी व निवृत्तिवेतनाची येणे रक्कम, ही माझी स्वकष्टार्जित मिळकत माझी एकुलती मुलगी राजश्री हिला मिळावी. या पत्राची अंमलबजावणी तिनेच करावी. शेजाऱ्यांनी आपल्या गच्चीचे पाणी आमच्या भिंतीवर सोडले आहे. ती तक्रारही तिला वारसाहक्काने मिळत आहे. तिने ती माझ्याइतकी सभ्यपणे चालवण्याचे कारण नाही.

कलम २. माझी भिंगे, लोलक, आरसे आणि ते मांडायची लाकडी प्रकाशपट्टी चौसाळ्याकडच्या एखाद्या शाळेला द्यावी, मात्र तेथील विज्ञानशिक्षक मुलांना भिंगाला हात लावू देतो याची राजश्रीने स्वतः जाऊन खात्री करावी. भिंगे कपाटात कुलूपबंद ठेवणारी शाळा असेल तर परत आणावीत. मी ज्या महाविद्यालयात आयुष्य घालवले त्याला काहीही देऊ नये. त्याने माझी प्रयोगशाळा पाडून वाहनतळ केला आहे, आणि वाहनतळाला भिंगे लागत नाहीत.

कलम ३. अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, त्रिशरण-पंचशील म्हणून व्हावा. शोकसभा घेऊ नये. घेतलीच तर माजी प्राचार्यांना बोलू देऊ नये, कारण ते थांबत नाहीत.

कलम ४. मंडळापुढे मला पूर्ण करू न दिलेले मत येथे पूर्ण करतो. नौशाद मिर्झाचे चालताना खांदे हलतात. ज्याचे खांदे हलतात तो गर्दीत लपू शकत नाही. त्याच्यानंतर आलेल्या शिशिर भाटियाने हेराचा नवरदेव केला. सध्याचा ईशान लूथरा मेहनती आहे, परंतु मार खाल्ल्यावर त्याला दुखत नाही, म्हणून आपल्यालाही काही होत नाही. सर्वश्रेष्ठ जगजीत सभरवालच, आणि तोही मागच्या बाजूने पाहिलेला. मी नंतर त्याचे सर्व चित्रपट पुढूनही पाहिले. पुढून तो एक चांगला नट आहे. मागून तो आमच्यातला होता: सगळे जग उलट्या अक्षरांत लिहिलेले असताना चूक न करता वावरणारा. हे मत मी अनुभवाने देत आहे आणि त्यावर फेरविचार होणार नाही. या मताचा पहिला उद्गार मात्र माझा नाही. तो बारा वर्षांच्या सुंदर औटेचा आहे.

कलम ५. धुळाजींचा तंबू मोडीत निघाला तेव्हा त्यांच्या मुलाकडून मी तो पडदा मागून घेतला. तो माझ्या लोखंडी पेटीत आहे. कापड पिवळे पडले आहे, पण फाटलेले नाही. ठिगळे सगळी मागच्या बाजूने लावलेली आहेत. पुढून ती दिसत नाहीत. पुढे बसणाऱ्यांना पडदा अखंड वाटे. आम्ही प्रत्येक टाका पाहिलेला आहे. मंडळाने हा पडदा दोनदा मागितला आणि मी दोनदा नकार दिला. आता पुढीलप्रमाणे ठरवतो.

(अ) श्री. सुंदरराव तानाजीराव औटे यांनी या पत्राच्या शेवटी विचारलेल्या तीन प्रश्नांचे लेखी उत्तर माझ्या हयातीत दिले, तर पडदा त्यांच्या मंडळाला मिळावा. तो सभागृहाच्या भिंतीवर नव्हे, मधोमध टांगावा. दोन्ही बाजूंना खुर्च्या मांडाव्यात. आणि कोणी कोठे बसायचे हे कोणीही कोणाला सांगू नये.

(आ) उत्तर आले नाही, तर तो पडदा माझ्या देहावर घालावा आणि माझ्याबरोबर जाळावा. घालताना ठिगळांची बाजू वर ठेवावी. सुंदरराव अंत्यदर्शनाला येतील, ते येणारच. त्यांना अडवू नये. त्यांना पुढे उभे करावे. ठिगळांची ती बाजू ते ओळखतात.

कलम ६. उत्तर खरे की खोटे हे तपासण्याचा अधिकार मी कोणालाही देत नाही. ते खोटे असले तरी चालेल. फक्त ते त्यांच्या हस्ताक्षरात आणि त्यांच्या सहीनिशी हवे. चावडीपुढे बोट दाखवायला सही लागली नव्हती.

कलम ७. कोणी म्हणेल की साठ वर्षांपूर्वीच्या पोरवयातल्या गोष्टीसाठी म्हातारा हट्टाला पेटला आहे. राजश्रीने त्याला इतकेच सांगावे: माझी आई २००१ साली गेली. अखेरच्या दिवसांत तिला माझे नाव आठवत नव्हते. खाटेजवळ येईल त्याला, डॉक्टरांना, परिचारिकेला, पाणी देणाऱ्या माणसाला, ती एकच गोष्ट सांगे: "त्या लेकराला म्या बलिवलं न्हवतं. सवताहून आलतं. शेंगा खाल्ल्या त्यानं." लोक मान हलवून पुढे जात. तिच्या बाजूने साक्ष देऊ शकेल असा एकच माणूस जिवंत आहे, आणि तो मंडळाचा अध्यक्ष आहे.

यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. हे पत्र मी दोनदा वाचून, एकही खाडाखोड न करता, पुढील दोघांच्या समक्ष सही करून पूर्ण केले. दोघांनी एकमेकांच्या व माझ्या समक्ष सह्या केल्या. त्यांना या पत्राने काहीही मिळत नाही, आणि म्हणूनच ते साक्षीदार होऊ शकतात. वत्सलाबाईंनी आजारपणात माझी केलेली सेवा पाहता हा कायदा त्यांच्यावर अन्याय करतो, हेही नोंदवतो.

लिहून ठेवणार : (सही) डॉ. विलास माणिकराव ओव्हाळ

साक्षीदार १ : (सही) डॉ. प्रवीण किसनराव साळवे, वैद्यकीय व्यवसाय, बीड
साक्षीदार २ : (सही) श्रीमती वत्सलाबाई रंगनाथ काळकुटे, सेवानिवृत्त परिचारिका, बीड

स्थळ : बीड
दिनांक : १२ नोव्हेंबर २०२५

प्रत, पोचपावतीसह नोंदणीकृत स्पीड पोस्टाने :
श्री. सुंदरराव तानाजीराव औटे, अध्यक्ष, सोळा नंबर रसिक मंडळ, बीड.

सुंदरराव, १९६६च्या जत्रेत पहिल्या खेळाला तुम्ही पडद्याच्या कोणत्या बाजूला बसला होता? तेथे तुम्हाला कोणी बोलावले होते? आणि सोळा नंबरने पिस्तूल काढले तेव्हा उभे राहून तुम्ही काय म्हणालात?

फोन करू नये. भेटायला येऊ नये. उत्तर लेखी द्यावे.