पांढऱ्या कडेचे कंदीलझाड कोणाकडे जावे

जुन्या वहीतून उतरवून घेतले आहे, अक्षर माझेच:

मार्च ३. टपालाने पुठ्ठ्याचे खोके, एक. आत रोपे दोन, प्रत्येकी चाळीस. टपालखर्च अकरा. ओले शेवाळ, फुकट. छापील चिठ्ठी एक, फुकट. मागची बाजू कोरी, हिशेबाला घेतली. एक रोप माझे, एक धाकटीचे. धाकटीने तिचे साडेपंचेचाळीस त्याच दिवशी दिले. येणे बाकी नाही.

ही नोंद बावीस वर्षांपूर्वीची. तिच्याशिवाय पुढचे कलम चार कोणाला पटणार नाही, म्हणून आधी दिली.

मी, खाली सही करणारी, वय वर्षे शहात्तर पूर्ण, मॅट्रिक पास, काम घर सांभाळणे, हे मृत्युपत्र दिवसाउजेडी, चष्मा लावून, पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणी लिहायला लावलेले नाही. मुलगा तर म्हणाला, "आई, एवढी घाई कसली?" तो असे गोड बोलला की मी त्याच दिवशी कागद आणवले. वकिलाकडे गेले नाही. तो पानागणिक पैसे घेतो आणि दोन्ही बाजूंना चार-चार बोटे समास सोडतो. देवावर माझा पूर्ण विश्वास आहे. बाकीच्यांच्या सह्या घेते.

यापूर्वी मी तीन मृत्युपत्रे केली होती. तिन्ही रद्द समजावीत. तिन्हींत माझ्या धाकट्या जावेविरुद्ध एकेक कलम होते. तेही रद्द, आणि ते का, हेही खाली येईल.

कलम एक. राहते घर मुलगा आणि सून यांना समाईक मिळावे. दोघांच्या सह्या असल्याखेरीज विकता येऊ नये. मागचा व्हरांडा पाडू नये. मागच्या वर्षी मुलगा टेप घेऊन व्हरांडा मोजत होता. विचारले तर म्हणाला, "कपाट ठेवायचंय." कपाट अजून आलेले नाही. म्हणून हे कलम.

कलम दोन. बँकेत ठेवी दोन आहेत. मोठी मुलाची, धाकटी सुनेची, तिच्या एकटीच्या नावावर. पावत्या कुठे आहेत ते येथे लिहीत नाही, कारण हा कागद साक्षीदार वाचणार आहेत. सुनेला जागा दाखवली आहे. मुलाला सांगितले आहे की ती कोणालाच ठाऊक नाही. माझ्यामागे कोणी येऊन "आजींकडे माझे इतके राहिले होते" असे सांगेल, तर माझी वही काढावी. वहीत नसेल तर ते नाही.

कलम तीन. जपाची माळ, प्रार्थनेचे पुस्तक आणि भिंग सुनेला. पितळी झारीही तिला, पण झारीची चाळणी महिन्यातून एकदा सुईने मोकळी करावी. खुरपे मुलाला, त्याला लागणार नाही तरी. कात्रीचे कलम चारमध्ये.

कलम चार. व्हरांड्यातल्या कुंड्या.

चिठ्ठीवर झाडाचे नाव "फुलणारा मेपल" असे होते. आम्ही दोघी त्याला कंदीलच म्हणायचो, कारण फूल खाली तोंड करून लोंबते आणि संध्याकाळच्या उन्हात आतून पेटल्यासारखे दिसते. ही दोन्ही रोपे एका जातीची होती: पान पंजासारखे, मध्ये हिरवे, कडेने दुधासारखे पांढरे, फूल फिकट नारिंगी. अशी जोडी आमच्या अख्ख्या रस्त्यावर नव्हती.

धाकटी म्हणजे माझ्या दिरांची बायको. तेव्हा ती अंगणापलीकडच्या दोन खोल्यांत राहायची. तिने आपले रोप भिंतीच्या कडेला जमिनीत लावले. थंडीच्या तोंडाशी ते वीतभर ठेवून छाटायची, बुडाशी वाळलेल्या पानांचा ढीग घालायची, आणि थंडी सरली की झाड पुन्हा उठायचे. मी माझे कुंडीत लावले. जमिनीत लावलेले झाड उचलून आत घेता येत नाही आणि त्याला कुलूपही लावता येत नाही.

चौथ्या वर्षी माझ्या आईचा पाय मोडला आणि मला तीन महिने तिच्याकडे जावे लागले. जाताना मी धाकटीला कुंडीजवळ उभे केले.

म्हटले, "एक दिवसाआड पाणी घाल. कात्री लावायची नाही. पानं मोजून ठेवलीत मी."

ती म्हणाली, "जाऊबाई, या दोन हिरव्या फांद्या तेवढ्या काढू देत. बघा ना, यांच्या पानांना कडच नाही."

"एवढ्या जोमदार फांद्या काढून टाकायच्या? तुझ्या झाडाच्या टाक खुशाल. माझ्याकडे उधळपट्टी चालत नाही."

"बरं बाई. नाही लावत हात."

तीन महिन्यांनी परत आले. कुंडी माझी, ताटली माझी, आणि आत झाड पूर्ण हिरवे. एका पानाला कड म्हणून नाही. पलीकडे भिंतीला धाकटीचे झाड मात्र पांढऱ्या कडांनी नुसते झळकत होते. कोणी काय समजावे? मी तेच समजले. म्हणाले, झाड बदललेस.

दीर समोर होते, आमचे हेही होते. धाकटी म्हणाली, "मोजून घ्या ना पानं. एकही कमी नाही. उलट वाढलीत."

हे म्हणाले, "अगं, झाडच आहे ना ते?" त्यांच्याशी मी नऊ दिवस बोलले नाही.

त्याच वर्षी दिरांची बदली झाली. मला वाटले, मागून घेतली असणार. धाकटीने आपले झाड मुळासकट काढले, ओल्या गोणपाटात बांधले आणि मांडीवर घेऊन गाडीत बसली. मी खिडकीतून पाहत होते, कुंडी सामानात जाते का ते.

दोन महिन्यांनी तिचे पत्र आले. ते वहीत पुरावा म्हणून डकवून ठेवले होते, त्यामुळे शब्द न शब्द देता येतो: "जाऊबाईंना नमस्कार. रागावा, पण ऐका. तुमचं झाड वीतभर ठेवून सगळं कापा. बुंध्यात कड असेल अजून. उशीर केलात तर तीही जाईल. धाकटी."

मी मनात म्हटले, वा! चोरीचा माल घेऊन गेली, आणि उरलेलेही माझ्याच हातून तोडायला लावते. उत्तर पाठवले नाही. झाडही कापले नाही. उलट हिरव्या फांद्या वाळूत खोचून आणखी दहा कुंड्या केल्या. फांदी टाकून देणे मला कधी जमले नाही.

हे गेले तेव्हा ती आली होती. पाच वर्षे झाली त्याला. दिवसभर स्वयंपाकघरात राबली, भांडी घासली, मला जेवायला बसवले. व्हरांड्याकडे एकदाही पाहिले नाही. मी म्हटले, पाहत नाही याचा अर्थच पाहायचे आहे. आणि तिच्यादेखत व्हरांड्याच्या दाराला कुलूप लावले. तिने ते पाहिले. संध्याकाळच्या गाडीने ती गेली.

आता या थंडीतले. नोव्हेंबरात सुनेने रंगारी बोलावला. त्याची शिडी घसरली ती थेट जुन्या कुंडीवर. झाड बुडापासून वीतभर उरले, बाकी सगळे जमिनीवर.

रंगारी म्हणाला, "आजी, चुकलं. दुसरं आणून देऊ का?"

मी विचारले, "तुला पाठवलं कोणी?"

"सूनबाईंनीच. भिंतीला ओल आली म्हणून."

"त्याआधी?"

"त्याआधी घरीच होतो, आजी."

पाच आठवडे तो खुंट मी फेकला नाही. कुंडी चांगली होती, म्हणून राहिला. मग बुडाशी एक कोंब फुटला. पहिले पान उलगडले, आणि त्याला पांढरी कड.

आधी वाटले, रंगाचा शिंतोडा असेल. ओल्या बोळ्याने पुसले. गेला नाही. भिंगातून पाहिले. मग वाटले, कोणी येऊन दुसरी फांदी जोडून गेले. सुनेला खडसावून विचारले. ती म्हणाली, "आई, मला सकाळी वेणी घालायला वेळ मिळत नाही, मी फांद्या कधी जोडू?" जोड सापडला नाही. दुसरे पान आले, तिसरे आले, सगळी कडेची. झाड तेच होते. बावीस वर्षे तेच होते.

मग ती छापील चिठ्ठी आठवली. मी ती छापील बाजू खाली करून वहीत चिकटवली होती आणि कोऱ्या बाजूवर दूध आणि साबणाचे हिशेब लिहिले होते. किटलीच्या वाफेवर धरून चिठ्ठी सोडवली. शेवटच्या दोन ओळी अशा: "कड नसलेली हिरवी फांदी दिसताच बुडापासून काढून टाकावी. ती अधिक जोमाने वाढते व सर्व झाड व्यापून टाकते."

म्हणजे झाड कोणी बदलले नव्हते. हिरव्या फांद्यांनी ते गिळले, आणि त्या काढू नकोस असे मीच बजावले होते. धाकटीने माझे अक्षरशः ऐकले. चोर म्हणून तिला अठरा वर्षे धरले. हे मी देवासमोर कबूल केले आहे. परंतु देवाने ते कोणाला सांगितल्याचे दिसत नाही, म्हणून येथे लिहून सही करते: चोरी झालेली नव्हती.

सबब, जुनी कुंडी, तिच्यातला कडेचा कोंब आणि माझी छाटणीची कात्री, हे तिन्ही धाकट्या जावेला मिळावे. मुलाने स्वतः नेऊन द्यावे, सामानाच्या गाडीने पाठवू नये. बाकी दहा हिरव्या कुंड्या सुनेच्या. त्यांची निगा अशी: कोवळे ऊन द्यावे, दुपारचे नाही. कुंडी फार मोठी घेऊ नये, मुळे जरा दाटीत असली की फुले जास्त येतात. शेंडे खुडत राहावे. पानाखाली पांढरी माशी दिसली तर साबणाच्या पाण्याने धुवावे. थंडीत आत घ्यावे आणि पाणी कमी करावे. रंगाऱ्याकडून झाडापोटी वीस कापले होते, ते त्याला परत द्यावेत. त्याच्या शिडीने केले ते मी अठरा वर्षांत केले नाही.

साक्षीदारांविषयी. ज्यांना यातून काहीच मिळत नाही असे दोघे निवडले आहेत. एक कोपऱ्यावरचा औषधवाला, दुसरे समोरचे निवृत्त कारकून. दोघांना चहा मिळेल, तो सह्या झाल्यावर.

कारकूनसाहेबांनी कलम चार वाचून हरकत घेतली. म्हणाले, "बाई, मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं. झाडाचं हे काम तर आत्ताचं दिसतंय."

मी म्हटले, "मग तेवढं कलम पत्र समजा."

"पत्राला साक्षीदार लागत नाहीत."

"मला लागतात."

औषधवाला हसला. मी त्याच्याकडे पाहिले, तेव्हा थांबला.

त्यांच्या म्हणण्यावरून या मृत्युपत्राची एक नक्कल आजच धाकटीला टपालाने पाठवीत आहे. मूळ प्रत कुठे ठेवायची ते सुनेला ठाऊक आहे.

वरील सर्व मजकूर मी दोनदा वाचून पाहिला. खाडाखोड दोन ठिकाणी आहे, तिथे माझी सही आहे. त्याखेरीज कुठे खाडाखोड दिसली तर ती दुसऱ्याची समजावी.

ठिकाण: राहते घर, मागचा व्हरांडा, दार उघडे.
तारीख: जानेवारी ९, सकाळी साडेदहा.

लिहून देणार: सही (थोरली जाऊ)
साक्षीदार १: सही (औषधवाला)
साक्षीदार २: सही (निवृत्त कारकून, "वाचले, हरकत नोंदवून सही केली")

फक्त नकलेवर, धाकटीसाठी:

पत्ता तुझ्या जुन्या पत्रावरचा घातला आहे. बदलला असेल तर टपालवाला परत आणील, आणि मी पुन्हा शोधीन. तुझे झाड अजून आहे का, ते मला ठाऊक नाही. विचारायला तोंडही नाही, तरी विचारते.

काल कडेच्या कोंबाशेजारी दुसरा कोंब फुटला आहे. पूर्ण हिरवा. पहिल्यापेक्षा जाड आणि बोटभर उंच. चिठ्ठीत लिहिले आहे, तूही लिहिले होतेस, आणि आता मलाही कळते. सकाळपासून तीनदा कात्री हातात घेतली. इतका चांगला कोंब, हात धजत नाही. आणि चुकीच्या जागी लावली तर कडेचाही जाईल, बुंध्यात कोंब फुटायचे आणखी डोळे उरलेत की नाही कोण जाणे.

तू नेमकी कुठे कापायचीस? बुडाशी, की थोडे बूड ठेवून? यायला जमत असेल तर ये, व्हरांड्याचे कुलूप काढून ठेवले आहे. जमत नसेल तर सोबत तिकीट लावलेले पाकीट आहे. हिरवा कोंब थांबणार नाही. उलट टपाली कळव.