सहा मिनिटं

गुरुवार, दिवेलागण

ताप जाऊन दोन वर्षं झाली, थकवा गेलाच नाही. त्यावर संशोधन करणाऱ्या डॉक्टर मॅडमनी सोमवारी मला सहा मिनिटं चालवलं आणि कागदावर 'सुधारणा' लिहिलं. त्यानंतर तीन दिवस मी अंथरुणाला खिळून. ते कुठं लिहिणार? फोनवर सांगितलं, तर म्हणाल्या, "ते दिवस आमच्या तपासणीत येत नाहीत." मग कसलं संशोधन!

सासूबाईंचं वेगळंच. "सहा मिनटं चाललीस की गं, मग भाकरी का न्हाय जमत?"

मला काय भाकरी करायची नाही का? पूर्वी एका बैठकीत वीस भाकऱ्या करायचे. आत्ता सासूबाई आत भाकऱ्या बडवताहेत, आणि प्रत्येक थापेला माझा हात गोधडीवर आपोआप पडतोय.

पाचव्या थापेला हात उचललाच गेला नाही.