मोहरीला माझीच मूठ

९ ऑक्टोबर
राग आला आहे, म्हणून आजपासून रोजनिशी. मला अक्षर येत नाही. मी सांगते, सूनबाई अश्विनी लिहिते. तिच्याविषयी वाईट सांगितलं तरी तिने लिहायचं, असं ठरलं आहे. हे दुसऱ्या कुणी वाचायचं नाही. मला तर वाचताच येत नाही, म्हणजे गुपित पक्कं.
रागाचं कारण गावातली बायडाबाई. गेल्या साली तिने कर्जतच्या रस्त्याकडेला मोहरी केली. रान पिवळंधमक झालं. लोक गाड्या थांबवून फोटो काढत, आणि ही मधोमध उभी, नवं लुगडं नेसून. यंदा आपल्या विहिरीखालच्या एकरात मोहरीच. शाळू बंद. नवं लुगडं मीही आणलं आहे.

११ ऑक्टोबर
आणखी राग. आमचे चिरंजीव गोरक्षनाथ म्हणतात, आई, तुझा हात थरथरतो, यंदा चाड्यावर अश्विनीला मूठ धरू दे. पुढे बैल, मागे पेरायची पाभर, पाभरीवर चाडं. चाड्यात माझ्या मुठीतून बी सुटतं आणि नळ्यांतून मातीतल्या तासात पडतं. लग्न होऊन आले त्या साली सासूबाईंनी ही मूठ माझ्या हाती दिली, ती आजवर सोडली नाही. म्हटलं, मोहरी कशी येते ते बघ. नीट नाही आली तर चाडं सोडीन, बांधावर बसेन. तो म्हणाला, ठरलं. इतक्या लगेच म्हणायची गरज नव्हती.

१८ ऑक्टोबर, सकाळ
आज पेरणी. अश्विनी म्हणते, आत्याबाई, मोहरी लई बारीक, चाळलेली वाळू मिसळा, न्हाईतर मूठ आवरायची न्हाई. मला शिकवते! वाळू घर बांधायला लागते. लिहिलंस? लिहिलं म्हणते. लिहिताना हसली. हसली हे लिहू नको.

१८ ऑक्टोबर, दुपार
बी संपलं. साऱ्या एकराचं बी तीन हिश्श्यांतल्या पहिल्याच हिश्श्यात गेलं. दोष बैलांचा, फार सावकाश चालले. सहादेवचे भाड्याचे बैल, मालकावरच गेलेत. बियाणेवाल्याचाही दोष. बी इतकं गुळगुळीत करायचं कशाला? माझी मूठ होती तशीच होती.
मी पाणी प्यायला बांधावर बसले, तेवढ्यात सूनबाईने दुसरं बी आणवलं, वाळू कालवली आणि उरलेलं रान पेरून टाकलं. मला विचारलं नाही. ती म्हणते, विचारलं हुतं. मला ऐकू आलं नाही, म्हणजे विचारलं नाही.

२७ ऑक्टोबर
मोहरी उगवली. माझ्या बाजूला हिरवी सतरंजी. तिच्याकडे तुरळक, मधूनमधून माती दिसते. बिचारीला धीर दिला. सहादेव बांधावरून म्हणाला, मनकर्णामावशी, ही मोहरी हाय का मेथीचा वाफा? त्याचा आपल्या घरचा चहा आजपासून बंद.

७ नोव्हेंबर
अश्विनीला माझ्या बाजूची विरळणी करायची आहे. दाटी झाली म्हणते, मधली उपटू. हात लावू दिला नाही. पोरं जास्त झाली म्हणून कुणी त्यांना बाजारात सोडून येतं का?

२ डिसेंबर
फुलं. तिची झाडं कमरेला लागली, चहूकडून फांद्या. माझी सरळ वर गेली, काडीसारखी, प्रत्येकाच्या डोक्यावर एक शेंडी. माझी जास्त उंच आहेत, हे ठळक लिही.
बायडाबाई आली. फोटो अश्विनीच्या बाजूला काढला. उजेड तिकडे बरा होता. नात निकिताचा केडगावहून फोन आला, आजी, फोटोत तू कुठंयस? म्हटलं, मी फोटोसाठी मोहरी करत नाही. लुगडं पेटीत ठेवलं.

२१ डिसेंबर
मावा पडला, बारीक कीड. शेंड्याशेंड्याला चिकट. फक्त माझ्याच बाजूला. दाटीत फवारायला गोरक्षनाथला आत शिरता येईना. मावा सुनेच्या बाजूने आला असणार. ती म्हणते, तिकडं न्हाईच. मग तिनेच हाकलला असणार.

१९ जानेवारी
रात्री वारा सुटला. माझी मोहरी आडवी झाली आहे. उठेल.

२४ जानेवारी
उठली नाही. वाऱ्याला अक्कल नाही.

१६ फेब्रुवारी
मळणी. माझ्या बाजूची मोहरी एका सुपात मावली. फोडणीला सोन्यासारखी आहे, आणि आपण ती फोडणीसाठीच केली होती. अश्विनीची पोती घाण्यावर गेली, तेलाला. गोरक्षनाथने सूप उचलून जपून घरात नेऊन ठेवलं. त्याचाच जास्त राग आला. बोलला असता तर भांडता आलं असतं.

१४ ऑक्टोबर
मध्ये रोजनिशी बंद होती. सांगण्यासारखं काही घडलं नाही.
आज पुन्हा पेरणी, पुन्हा मोहरी. सकाळी मी सवयीने चाड्यापाशी गेले. कुणी अडवलं नाही. गोरक्षनाथ बैलांच्या शिंगांकडे बघत राहिला. अश्विनीने मुठीत बी घेतलं आणि माझ्यापुढे धरलं. आत्याबाई, एवढी सैल चालंल का? म्हटलं, आवळ अजून. करंगळी दाब. तिने दाबली. बरोबर दाबली. मी बांधावर आले, कारण तिथून सगळी तासं नीट दिसतात.
वाळू चाळायचं काम माझ्याकडे आहे. एक खडा राहिला तर नळी तुंबते आणि सगळी पेरणी वाया जाते. म्हणजे खरी पेरणी बांधावरूनच होते. दोनदा चाळली.
अश्विनीने पाभर थांबवून चिमूटभर वाळू बोटांत चोळून बघितली. म्हणाली, आत्याबाई, आनखी एकदा चाळा.
लई राग आला.
चाळली.